मूल सांभाळणारी स्त्री आणि पालकांचा विश्वास : एक ऐतिहासिक आढावा

बीजशब्द : धात्री, दूधआई, आया, पाळणाघर, अंगणवाडी, विश्वास

प्रस्तावना

आपले तान्हे मूल दुसऱ्याच्या हाती सोपविणे ही कोणत्याही काळातील माता-पित्यांच्या दृष्टीने मोठी कसोटीच असते. धन, धान्य, जमीनजुमला यांच्या रक्षणासाठी कुलूप, पहारेकरी, कागदपत्रे अशी साधने मनुष्याने निर्माण केली. मुलाच्या बाबतीत मात्र ही साधने अपुरी पडतात. मूल बोलू शकत नाही, तक्रार करू शकत नाही आणि आपल्या अनुपस्थितीत त्याच्याशी कोण कसे वागले हे पालकांना सहसा कळत नाही. म्हणूनच मूल सांभाळणाऱ्या स्त्रीची निवड हा सर्व काळात विश्वासाचा प्रश्न ठरला आहे. महाविद्यालये, बँका, शासकीय कार्यालये, रुग्णालये यांमध्ये नोकरी करणाऱ्या स्त्रियांना हा प्रश्न अनुभवाने परिचित आहे.

या प्रश्नाकडे आपण बहुधा एकाच बाजूने पाहतो. मूल सांभाळणारी स्त्री कशी असावी, तिच्या अंगी कोणते गुण असावेत, तिची पारख कशी करावी, एवढ्यापुरताच विचार होतो. इतिहासाची साधने पाहता या प्रश्नाला दुसरीही एक बाजू आहे. ज्या स्त्रीवर विश्वास ठेवला गेला, तिने तो निभावण्यासाठी काय मोजले आणि विश्वास ठेवणाऱ्यांनी तिच्याशी कोणती बांधिलकी पाळली? विशेषतः, ती परक्याचे मूल सांभाळत असताना तिचे स्वतःचे मूल कोठे होते? प्रस्तुत लेखात दूधआई, आया आणि संस्थात्मक बालसंगोपन या तीन टप्प्यांच्या आधारे या प्रश्नाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

धात्रीचे गुण : एक प्राचीन यादी

मूल सांभाळणारी चांगली स्त्री कोणती, याचे पद्धतशीर विवेचन भारतीय परंपरेत आयुर्वेदाच्या ग्रंथांत आढळते. चरकसंहितेच्या शारीरस्थानात धात्रीची, म्हणजे मुलाला दूध पाजून वाढविणाऱ्या स्त्रीची, लक्षणे सांगितली आहेत. ती तरुण, निरोगी, शांत स्वभावाची आणि निर्व्यसनी असावी. क्षुद्र वृत्तीची नसावी. मुलाविषयी तिला वात्सल्य असावे. ती स्वच्छ, सेवेत कुशल आणि सावध असावी, असे तेथे म्हटले आहे. सावध या अर्थाने तेथे 'अप्रमत्ता' हा शब्द योजला आहे. आजही कोणत्याही पाळणाघराच्या दारात उभे राहून पालक हेच गुण शोधत असतात. आरोग्य, स्वच्छता, माया आणि लक्ष या चार गोष्टींत दोन हजार वर्षांत फारशी भर पडलेली नाही, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

अर्थात ही यादी तिच्या काळाच्या चौकटीतलीच आहे. धात्री समान वर्णाची आणि चांगल्या कुळातील असावी, ही अटही तेथे आहे. विश्वासाचा पाया व्यक्तीच्या गुणांइतकाच तिच्या जन्मावर उभा केला गेला होता, हे यावरून दिसते. परंतु या यादीतील सर्वांत लक्षणीय अट वेगळीच आहे. धात्री 'जीवद्वत्सा' असावी, म्हणजे तिचे स्वतःचे मूल जिवंत असावे. वैद्यकीय दृष्टीने या अटीचा हेतू स्पष्ट आहे. जिचे मूल जगले आणि वाढले, तिचे दूध सकस व संगोपन योग्य असणार, असे अनुमान त्यामागे आहे. पण हे जिवंत मूल धात्रीच्या योग्यतेचा पुरावा म्हणून यादीत येते आणि तेथेच संपते. त्याच्या वाट्याचे दूध दुसरीकडे गेल्यावर त्याने काय प्यावे, याचा उल्लेख त्या यादीत नाही. मूल सांभाळणाऱ्या स्त्रीच्या इतिहासातील हे मौन पुढेही दीर्घकाळ टिकलेले दिसते.

दुधाचे नाते आणि राजसत्ता

मध्ययुगीन राजघराण्यांत दूधआईवरील विश्वासाला राजकीय परिमाण लाभले. वारसाचा जीव धोक्यात असणे ही तेथे नित्याची बाब होती. अशा वेळी जिच्या कुशीत मूल झोपते, ती स्त्री राज्याच्या भवितव्याची रखवालदार ठरत असे. मेवाडच्या इतिहासपरंपरेतील पन्ना दाईची कथा सर्वपरिचित आहे. इ.स. १५३६ च्या सुमारास बनवीराने राणा विक्रमादित्याचा वध करून बालवयातील उदयसिंहाकडे मोर्चा वळविला. तेव्हा पन्नाने उदयसिंहाला गुप्तपणे बाहेर काढले आणि त्याच्या शय्येवर आपला पुत्र चंदन याला निजविले, असे ही परंपरा सांगते. चंदन मारला गेला. उदयसिंह कुंभळगडावर वाढला आणि पुढे मेवाडचा राणा झाला.

या कथेचा तपशील कितपत ऐतिहासिक आहे हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. समाजाने ती पिढ्यान्‌पिढ्या आदर्श म्हणून जपली, ही वस्तुस्थिती मात्र निर्विवाद आहे. विश्वासू दाईची परमावधी म्हणून जी प्रतिमा आपण गौरविली, ती स्वतःच्या मुलाचा मृत्यू स्वीकारणाऱ्या स्त्रीची आहे. या गौरवात कृतज्ञता आहे, तशीच एक भयंकर अपेक्षाही आहे.

मुघल दरबारात दुधाच्या नात्याला औपचारिक प्रतिष्ठा होती. अकबराच्या बालपणी त्याच्या संगोपनाशी निगडित असलेल्या माहम अनगा आणि जीजी अनगा या दोन स्त्रियांची कुटुंबे पुढे सत्तेच्या वर्तुळात आली. जीजी अनगाचा पती शम्सुद्दीन अतगा खान उच्च पदावर पोहोचला. तिचा पुत्र अझीझ कोका हा अकबराचा दूधभाऊ म्हणून प्रतिष्ठा पावला. माहम अनगाचा पुत्र अदहम खान याने १५६२ मध्ये अतगा खानाची हत्या केली. तेव्हा अकबराने दुधाच्या नात्याची भीड न ठेवता त्याला देहदंड दिला. थोड्याच काळात माहम अनगाही मरण पावली. दूधआईवरील विश्वासाने तिच्या कुटुंबाला सत्तेची वाट खुली केली, तरी त्या वाटेवरील स्थैर्य मालकाच्या मर्जीवरच अवलंबून होते, हे या प्रसंगातून स्पष्ट होते.

मराठ्यांच्या इतिहासात या नात्याचे सौम्य व मानवी रूप दिसते. संभाजीराजांचा जन्म १४ मे १६५७ रोजी पुरंदर किल्ल्यावर झाला. सईबाईंच्या आजारपणामुळे बाळाला दूध पाजण्यासाठी कापूरहोळ येथील धाराऊ गाडे यांना बोलावण्यात आले. १६५९ मध्ये सईबाईंचे निधन झाले. धाराऊंचे पुत्र अंतोजी व रायाजी हे संभाजीराजांचे दूधभाऊ म्हणून ओळखले जातात आणि ते पुढे त्यांच्या सेवेत राहिले, असे परंपरा सांगते. येथे दूधआईची मुले अदृश्य होत नाहीत. त्यांना नाव आहे, नाते आहे आणि राज्यात स्थानही आहे. विश्वासाच्या बदल्यात बांधिलकी स्वीकारल्याचे हे उदाहरण म्हणून महत्त्वाचे ठरते. तथापि हे सर्व राजघराण्याच्या परिघातील आहे. सामान्य घरांतून दुसऱ्यांची मुले वाढविणाऱ्या स्त्रियांची नावे कोणत्याही बखरीत आली नाहीत.

आया : चिठ्ठीवरचा विश्वास

'आया' हा मराठीत रुळलेला शब्द पोर्तुगीज भाषेतून आला आहे. पोर्तुगीज भाषेत मुलांची देखभाल करणाऱ्या दाईला किंवा शिक्षिकेला 'आइया' म्हणत. पश्चिम किनाऱ्यावरील पोर्तुगीज सत्तेतून हा शब्द हिंदुस्थानी भाषांत शिरला आणि पुढे इंग्रजांनीही तो उचलला. ब्रिटिश अंमलदारांच्या बंगल्यांतून आया ही अपरिहार्य व्यक्ती झाली.

येथे विश्वासाचे स्वरूप बदलले. दूधआईच्या बाबतीत कुळ, गाव आणि परस्परसंबंध माहीत असत. इंग्रज कुटुंब मात्र दर दोन-तीन वर्षांनी बदलीच्या गावी जाई आणि तेथे अपरिचित स्त्रीच्या हाती मूल सोपवावे लागे. या अडचणीवर चिठ्ठीचा उपाय निघाला. पूर्वीच्या मालकिणीने लिहून दिलेले वर्तनाचे प्रशस्तिपत्र हे आयेचे भांडवल होते. आपल्याविषयी काय लिहिले आहे हे तिला बहुधा वाचताही येत नसे. तरीही त्या कागदावर तिची पुढील नोकरी अवलंबून असे. विश्वास आता नात्यावरून कागदावर आला.

या विश्वासाला संशयाची किनारही होती. मूल शांत झोपावे म्हणून आया त्याला अफू चाटविते, ही धास्ती इंग्रज कुटुंबांत सतत व्यक्त होत असे. तिच्या सहवासात मूल इंग्रजीआधी हिंदुस्थानी बोलू लागते, याचीही त्यांना चिंता वाटे. मुलाने आयेवर प्रेम करावे, पण फार करू नये, अशी ही विलक्षण अपेक्षा होती.

आयांच्या इतिहासातील सर्वांत बोलके प्रकरण लंडनमध्ये घडले. मायदेशी जाणारी कुटुंबे प्रवासात मुले सांभाळण्यासाठी आयांना बोटीवर सोबत नेत. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर हा प्रवास सुकर झाला आणि मुंबई हे त्याचे प्रमुख बंदर ठरले. काही स्त्रियांनी हा समुद्रप्रवास हाच व्यवसाय केला. श्रीमती अँटनी परेरा या आयेने असा प्रवास ५४ वेळा केल्याचा उल्लेख १९२२ मधील एका इंग्रजी नियतकालिकातील लेखात आहे. परंतु बोट इंग्लंडला लागल्यावर अनेक कुटुंबांना आयेची गरज उरत नसे. परतीच्या प्रवासाची सोय न करता तिला सोडून दिल्याची उदाहरणे घडली. अशा स्त्रियांसाठी लंडनच्या ऑल्डगेट भागात एक निवारागृह चालत होते. १९०० मध्ये ते लंडन सिटी मिशनच्या व्यवस्थापनाखाली हॅकनी येथील किंग एडवर्ड्‌स रोडवर आले. तेथे ३० खोल्या होत्या आणि वर्षाला सुमारे १०० स्त्रिया राहून जात. हिंदुस्थानकडे निघालेल्या एखाद्या कुटुंबाला प्रवासासाठी आया हवी असेल, तर या निवारागृहामार्फत ती नेमली जाई आणि तिचा परतीचा मार्ग मोकळा होई.

सातासमुद्रापलीकडे आपले मूल सुखरूप नेण्यासाठी जिच्यावर विसंबले, तिला परक्या बंदरावर वाऱ्यावर सोडताना त्या कुटुंबांना विश्वासघात केल्यासारखे वाटले नाही. कारण विश्वासाची अट तिच्यापुरतीच आहे, असे गृहीत धरले गेले होते. या वास्तूवर २०२२ मध्ये इंग्लिश हेरिटेज या संस्थेने निळी स्मृतिफलिका बसविली. आयांच्या कामाची ही सार्वजनिक नोंद होण्यास शतकाहून अधिक काळ जावा लागला.

गिरणी, बाळागोळी आणि कायदा

आयेवर जो आरोप होत असे, तोच प्रकार मुंबईच्या कामगार वस्त्यांत मातांना नाइलाजाने करावा लागत होता. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रिया तान्ही मुले एखाद्या वृद्ध नातलगाकडे, शेजारणीकडे किंवा थोरल्या मुलीकडे ठेवून जात. मूल दिवसभर झोपून राहावे यासाठी अफूमिश्रित 'बाळागोळी' देण्याची पद्धत वस्त्यांत रूढ होती. १९३१ मध्ये आपला अहवाल सादर करणाऱ्या व्हिटली आयोगाने कामगारांच्या मुलांना अफू देण्याच्या प्रथेची दखल घेतली आणि कारखान्यांत पाळणाघरांची शिफारस केली. बाळागोळीला आईची क्रूरता म्हणणे सोपे होते. वस्तुतः दिवसभर मूल सांभाळणारे विश्वासू माणूस न परवडणे हे तिचे मूळ कारण होते.

१९३४ च्या कारखाना कायद्याने पाळणाघरांविषयी नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने ५० हून अधिक स्त्री कामगार असलेल्या कारखान्यांत पाळणाघर बंधनकारक केले. १९७६ च्या दुरुस्तीने ही संख्या ३० वर आणली. मुले सांभाळणाऱ्या स्त्रिया प्रशिक्षित असाव्यात, खोली हवेशीर व स्वच्छ असावी, अशी अपेक्षाही कायद्यात आली. चरकसंहितेतील गुणांची यादी अशा रीतीने नियमांच्या भाषेत उतरली. मात्र या कायद्यात एक गृहीतक दडलेले होते. पाळणाघराची गरज स्त्री कामगारांच्या संख्येवरून मोजली जात असल्याने मूल ही केवळ आईची जबाबदारी ठरत होती. मालकांच्या दृष्टीने स्त्रियांची संख्या मर्यादेखाली ठेवणे हाही एक मार्ग उरत होता. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्ती कायद्याने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघराची तरतूद केली. मोजणीचे एकक 'स्त्री' ऐवजी 'कर्मचारी' झाले, हा बदल शब्दांपुरता नव्हता. वडीलही या हिशेबात प्रथमच आले.

कारखान्याच्या भिंतीबाहेरील मुले मात्र कायद्याच्या कक्षेत सहजी येत नव्हती. बांधकामावरील मजूर स्त्रियांची मुले वाळूच्या ढिगाऱ्यांवर वाढत होती. त्यांच्यासाठी मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत फिरत्या पाळणाघरांची सुरुवात केली. १९७२ मध्ये हे काम मुंबईतही सुरू झाले. काम संपले की मजूर दुसरीकडे जातात, म्हणून पाळणाघरही त्यांच्यासोबत हलले पाहिजे, हा त्यामागील साधा विचार होता.

पाठीवर भावंड घेतलेली मुलगी

महाराष्ट्रातील बालसंगोपनाच्या इतिहासात ताराबाई मोडक (१८९२–१९७३) आणि अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांचे कार्य अनन्यसाधारण आहे. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे प्रयोग केल्यावर ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. वंचित वस्त्यांतील मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत, असे दिसताच बालवाडीच त्या वस्तीच्या अंगणात नेण्यात आली आणि 'अंगणवाडी' ही संकल्पना आकारास आली. १९५७ पासून हे कार्य डहाणूजवळील कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या परिसरात, विस्तारले.

विश्वासाच्या दृष्टीने या प्रयोगाचे दोन विशेष आहेत. पहिला असा की येथे विश्वास संपादन करण्याची जबाबदारी मूल सांभाळणाऱ्यांनी स्वतःकडे घेतली. पालकांनी चिठ्ठी तपासावी अशी स्थिती तेथे नव्हती. उलट शहरी, शिकलेल्या स्त्रियांकडे संशयाने पाहण्यास आदिवासी पालकांना पुरेशी कारणे होती. शिक्षिका रोज वस्तीत जात, मुलांना आंघोळ घालीत, केस विंचरीत, त्यांच्याच परिसरातील वस्तूंतून शिकवीत. सगळे काम पालकांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्याच अंगणात चाले. डोळ्यांसमोर चालणाऱ्या कामाला प्रशस्तिपत्राची गरज उरत नाही.

दुसरा विशेष अधिक मूलगामी आहे. आई-वडील मजुरीला गेल्यावर मूल प्रत्यक्षात कोण सांभाळते, हा प्रश्न येथे विचारला गेला. उत्तर होते, सात-आठ वर्षांची थोरली बहीण. पाठीवर भावंड घेतलेली ही मुलगी शाळेत येऊ शकत नव्हती. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी 'विकासवाडी' उभी राहिली. तान्हे भावंड पाळण्यात, मधले बालवाडीत आणि थोरली बहीण वर्गात, अशी ही रचना होती. राजवाड्यापासून झोपडीपर्यंतच्या या दीर्घ इतिहासात मूल सांभाळणारी स्वतःही एक मूल असू शकते, हे ओळखून केलेली ही व्यवस्था होती. सांभाळल्या जाणाऱ्या मुलाइतकाच सांभाळणारीचा विचार तिच्या केंद्रस्थानी होता.

पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा मराठी मातीतील शब्द देशभर पोहोचला. शब्द गेला, त्यामागील दुसरा विशेष मात्र पूर्णतः गेला नाही. अंगणवाडी सेविकेला 'मानसेवी' ठरवून वेतनाऐवजी मानधन देण्यात आले. सेविका शासकीय पद धारण करीत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दिला. २०२२ मध्ये मात्र त्या उपदानास, म्हणजे ग्रॅच्युइटीस, पात्र असल्याचे त्याच न्यायालयाने मान्य केले. मूल सांभाळणे हे काम आहे की केवळ सेवाभाव, हा वाद अशा रीतीने न्यायालयाच्या दारापर्यंत गेला.

समारोप

'माय मरो पण मावशी उरो' अशी म्हण मराठीत आहे. आजही मूल सांभाळणाऱ्या स्त्रीला आपण मावशी, ताई किंवा आजी म्हणतो. नोकरीच्या संबंधाला नात्याचे नाव देण्यात आपुलकी असते, हे खरे. परंतु नात्याचे नाव दिले की पगार, सुटी, आजारपण यांविषयी बोलणे अवघडही होऊन बसते. मावशी म्हणायचे आणि मोलकरणीचा हिशेब ठेवायचा, ही विसंगती आपल्या घरांतून आढळते.

वरील आढाव्यातून असे दिसते की पालकांच्या विश्वासाचे आधार काळानुसार बदलत गेले. प्रथम कुळ व दुधाचे नाते, नंतर मालकाची चिठ्ठी आणि पुढे प्रशिक्षण व कायदा असा हा क्रम आहे. मूल सांभाळणारीकडून अपेक्षित गुण मात्र जवळजवळ तेच राहिले. ती निरोगी, स्वच्छ, मायाळू आणि सावध असावी, ही अपेक्षा रास्तच आहे. पण थकलेल्या, भुकेल्या आणि घरी एकटे राहिलेल्या स्वतःच्या मुलाच्या काळजीत असलेल्या स्त्रीने सावध राहावे, ही अपेक्षा रास्त म्हणता येणार नाही. सावधपणा हा केवळ स्वभावाचा गुण नसून परिस्थितीचाही परिणाम असतो.

म्हणून पाळणाघराची किंवा घरी येणाऱ्या बाईची पारख करताना पालक जे प्रश्न विचारतात, त्यांत आणखी एका प्रश्नाची भर घालणे आवश्यक वाटते. आमचे मूल तुमच्याजवळ असताना तुमचे मूल कोणाजवळ असते? चरकसंहितेच्या यादीत जो प्रश्न विचारला गेला नाही आणि कोसबाडच्या टेकडीवर ज्याचे उत्तर शोधले गेले, तो हाच आहे. या उत्तराची जबाबदारी घेण्याची ज्यांची तयारी आहे, त्यांनाच दुसऱ्याकडून विश्वासाची अपेक्षा करण्याचा अधिकार पोहोचतो.